शालू नवघणे आणि दोनशे शहाऐंशी वजने

माणसाच्या कमरेचे माप घेणे हे काम वरवर दिसते तितके सोपे नाही. टेप अंगाला लागली की माणूस श्वास ओढून घेतो. पोट आत जाते, छाती पुढे येते आणि दोन क्षणांपुरता प्रत्येक गृहस्थ आपल्या लग्नाच्या फोटोतला होतो. शालू नवघणे यांच्यापुढे ही युक्ती चालत नाही. त्या टेप गुंडाळतात, सैलसर धरतात आणि विचारतात, "तुमचं गाव कुठलं?" उत्तर द्यायचे तर श्वास सोडावा लागतो. श्वास सुटला की पोट मूळ जागी येते आणि नेमक्या त्या वेळी शालूताईंचे बोट आकड्यावर असते. गावाचे नाव पुरे होईपर्यंत माप वहीत गेलेले असते. ठाण्यात बाळकुमच्या आमच्या गृहसंकुलातल्या प्रत्येकाचे मूळ गाव त्यांना ठाऊक आहे, ते याच कारणाने. पुरुषांची आणखी एक खोड त्यांना पाठ आहे. पोट पुढे आले की पुरुष पट्टा पोटाखाली बांधतो आणि आपली कंबर अजून चौतिसावरच असल्याचे सांगतो. त्याला त्या म्हणतात, "तो नंबर दुकानदाराला सांगा. मला बेंबी दाखवा."

हे मी कौतुकाने लिहितो आहे. तेव्हा आधीच कबूल करणे भाग आहे की या बाईंची नोकरी माझ्या एका पत्रामुळे जवळजवळ गेली होती.

मी तक्रारी लिहितो. एका खासगी कंपनीच्या विधी विभागात चोवीस वर्षे पत्रे लिहिल्यानंतर ती सवय स्वेच्छानिवृत्तीबरोबर सुटली नाही. पाण्याच्या टाकीचे मोडके झाकण, लिफ्टचा मुदत संपलेला परवाना, संकुलाच्या सभेचे दोन-दोन वर्षे न लिहिलेले इतिवृत्त, असे माझे विषय असतात. उत्तरे सहसा येत नाहीत. आली तर ‘आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे’ एवढीच येतात. आपल्याकडे नोंद तत्परतेने घेतली जाते. त्यापुढचे काही घेण्याची प्रथा नाही.

कोपरीत कचेरी असलेले आरोग्यसाह्य मंडळ नावाचे एक धर्मादाय मंडळ आहे. ते दरवर्षी आमच्या संकुलात तीस वर्षांवरील रहिवाशांचे वजन, उंची आणि कंबर मोजण्याचे शिबिर घेते. ज्याचा बीएमआय, म्हणजे वजनाचा उंचीशी असलेला मेळ, पंचवीसच्या वर जाईल त्याला लठ्ठ धरून रक्तदाब आणि साखर तपासायला केंद्रात विनाशुल्क बोलावतात. पंचवीसच्या आत असणाऱ्याला एक छापील चिठ्ठी मिळते: ‘अभिनंदन’. मंडळाच्या तक्त्यात कमरेचा रकाना आहे. परंतु त्याच्यावरून कोणाला बोलावत नाहीत. तो का आहे, हे मंडळालाही सांगता आले नाही.

या जानेवारीत मला ती चिठ्ठी मिळाली. काट्यावर माझे वजन एकोणऐंशी किलो सहाशे ग्रॅम भरले. त्याच सकाळी, जेमतेम दीड तास आधी, आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात ते त्र्याऐंशी चारशे होते आणि डॉक्टरांनी मला औषधाऐवजी भाषण दिले होते. दीड तासात चार किलो उतरायला मी काही बर्फाची लादी नव्हे. वजन कमी दाखवले म्हणून तक्रार करणारा त्या संकुलातला मी एकटाच निघालो. इतरांनी चिठ्ठी फ्रिजवर लावली. मी रजिस्टर्ड पोस्टाने दोन पानी पत्र धाडले. ‘उपकरण हाताळणीतील अक्षम्य हलगर्जीपणा’ हे शब्द त्यात होते. ‘संबंधित कर्मचाऱ्यावर कारवाई व्हावी’ हेही होते. ती कर्मचारी कोण, तिच्यामागे कोण, याचा विचार मी केला नाही. तक्रारीच्या नमुन्यात त्याला जागा नसते.

आयुष्यात प्रथमच माझ्या पत्रावर पंधरा दिवसांत कारवाई झाली.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी दाराची घंटा वाजली. बाहेर शेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांची, बुटकीशी, काटक बाई उभी होती. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत काहीतरी चपटे आणि जड. शिबिरात गाव विचारणारी बाई हीच, हे मी ओळखले.

"पाध्येसाहेब तुम्हीच ना? शालू नवघणे. तुमच्या तक्रारीवरून आलेय." मी दारातून हललो नाही हे पाहून त्या म्हणाल्या, "भांडायला नाही आले. तुमचं वजन करायचंय."

आतून माझी पत्नी योगिनी म्हणाली, "अहो, घ्या त्यांना आत. एवढ्या तक्रारी गेल्या तुमच्या, चौकशीला घरी आलेलं हे पहिलंच माणूस आहे."

शालूताईंनी स्वयंपाकघरात लादीवर काटा ठेवला. मी वर उभा राहिलो. त्र्याऐंशी तीनशे.

"दवाखान्यात किती होतं म्हणालात?"

"त्र्याऐंशी चारशे."

"म्हणजे काटा खोटा नाही," त्या म्हणाल्या आणि तिथेच खाली बसल्या. "मी आठ दिवस झाले, स्वतःला मोजतेय. घरी, केंद्रात, गच्चीवर, शेजारणीच्या ओट्यावर. सगळीकडं अठ्ठावन्न. मग त्या दिवशीच तुमच्या हॉलात ह्याला काय झालं?"

"तुम्ही शून्य करायला विसरला असाल," मी म्हणालो.

"ब्लाउजच्या बाहीत बोटभर चूक केली तर गिऱ्हाईक तोंडावर फेकून मारतं, साहेब. वीस वर्षं शिवलेत. शून्य करायला मी विसरत नाही." मग जरा थांबून त्यांनी विचारले, "त्या दिवशी तुम्ही कशावर उभे होतात, आठवतंय?"

मला आठवत नव्हते. योगिनी चहाचे कप ठेवता ठेवता म्हणाली, "कशावर म्हणजे? सतरंजीवर. दुपारी हळदीकुंकू होतं ना, सुमतीकाकूंनी सकाळीच अंथरून ठेवली होती. चौपदरी. पाय गारठतात म्हणून."

शालूताई उठल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, तुमच्याकडं आहे एखादी?"

दिवाणाखालची सतरंजी निघाली. तिची चौपदरी घडी झाली, तिच्यावर काटा आला आणि काट्यावर मी. एकोणऐंशी पाचशे. उतरलो, पुन्हा चढलो: ऐंशी दोनशे. शालूताईंनी काटा उलटा करून दाखवला. त्याला चार आखूड पाय असतात आणि सगळे वजन त्या पायांतून मोजले जाते. लादीवर ते पाय ताठ उभे राहतात. सतरंजीच्या घडीत रुतले की काट्याचे पोट खाली टेकते, थोडा भार सतरंजी उचलते आणि तेवढा आकड्यातून गळतो.

हा प्रकार कसा घडला, हे आमच्या संकुलाबाहेरच्या माणसाला समजावून सांगावे लागेल. दोन वर्षांपूर्वीचे पहिले शिबिर तळमजल्यावर गाड्यांच्या जागेत, सिमेंटच्या जमिनीवर झाले. बायका फिरकल्याच नाहीत. चारचौघांत आपले वजन कोण करून घेईल? तेव्हा पुढच्या वर्षी शालूताईंनीच तोड काढली. संक्रांत ते रथसप्तमीच्या दरम्यान ज्या दिवशी संकुलाचे हळदीकुंकू असेल, त्याच दिवशी त्याच हॉलमध्ये शिबिर ठेवायचे. सकाळी पुरुष, दुपारी बायका. वाण घ्यायला आलेली बाई जाता जाता काट्यावर उभी राहते. युक्ती फळली आणि वही भरली. मात्र हळदीकुंकू म्हटले की सतरंजी आली. आलेल्या सवाष्णीला उघड्या फरशीवर उभे करणे हळदीकुंकवाचे सगळे पाहणाऱ्या सुमतीकाकूंच्या सत्तर वर्षांच्या आयुष्यात कधी घडले नव्हते. सतरंजी काढा, असे त्यांना सांगण्याचे कोणाला सुचले नाही. काट्याला पाहुणचार सोसत नाही, हे कोणाला ठाऊक नव्हते. दोनशे शहाऐंशी सुशिक्षित माणसे त्या घडीवर उभी राहिली. त्यांत दोन अभियंते होते आणि मी होतो.

मला वाटले, बाई सुटकेचा श्वास टाकतील. त्यांचा चेहरा उलट उतरला.

"गेल्या सालीपण सतरंजी होती," त्या म्हणाल्या. "दोन सालांची सगळी वजनं खोटी. ‘अभिनंदन’ म्हणून मी स्वतःच्या हातानं चिठ्ठ्या दिल्यात."

पिशवीतून त्यांनी वही काढली. नावांपुढे, समासात, पेन्सिलीने बारीक खुणा होत्या. ज्यांचे वजन उतरलेले दिसले तरी कंबर तेवढीच राहिली किंवा वाढली, त्यांच्यापुढे ती खूण होती. गेल्या वर्षी हे त्यांनी कचेरीत दाखवले होते. काटा जे दाखवतो ते लिहा, असे उत्तर मिळाले होते.

"तुम्ही तेव्हा लेखी का दिले नाही?" मी विचारले.

"आम्ही लेखी देत नाही, साहेब. आम्हाला लेखी मिळतं." त्यांनी एक कागद पुढे केला. एकतीस मार्चला त्यांचा करार संपत होता आणि तो पुढे वाढवला जाणार नव्हता. कारण: उपकरण हाताळणीतील अक्षम्य हलगर्जीपणा. मंडळाने स्वतःचा एक शब्दही खर्च केला नव्हता.

चहा निवून गेला. त्या गप्पांत मला त्यांच्याविषयी जे कळले ते थोडक्यात असे. माहेर पोलादपूरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीत. लग्न होऊन कोलशेतला आल्या. नवऱ्याचा कारखाना बंद पडला तेव्हा शिवणयंत्र घेतले आणि वीस वर्षे ब्लाउज शिवले. प्रत्येक गिऱ्हाइकाची मापे एका जाड वहीत. त्यांत गोदूबाई नावाची एक भाजीवाली होती. तिचा ब्लाउज पहिल्या वर्षी छत्तीसचा होता, सहा वर्षांनी चव्वेचाळीसचा झाला. ‘जरा उसव गं बाजूनं,’ म्हणून ती दर दिवाळीला यायची. पुढे तिची साखर इतकी चढलेली निघाली की उजवा पाय घोट्यापासून काढावा लागला.

"मापं सगळी माझ्याच वहीत होती," शालूताई म्हणाल्या. "डॉक्टरकडं नव्हती, तिच्या पोराकडं नव्हती. मी उसवून दिलं आणि गप बसले. बाई फुगतेय हे मला दिसत होतं. त्याचं काय करायचं असतं ते माहीत नव्हतं."

चाळिसाव्या वर्षी त्यांनी आरोग्य साहाय्यकाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केला. वर्गातल्या मुली त्यांना मावशी म्हणत. ज्या नोकरीसाठी हे केले, ती आता सहा आठवड्यांत जाणार होती.

"मी तक्रार मागे घेतो," मी म्हणालो.

"आकडे चुकलेत ते चुकलेतच ना? मागं घेऊन बरोबर होणारेत काय?" त्यांनी काटा पिशवीत घातला. "मला सगळ्यांना परत मोजायचंय. लादीवर. तेवढी परवानगी मिळवून द्या. तुम्हाला लिहिता येतं."

सोमवारी आम्ही दोघे कोपरीला गेलो. मंडळाचे कार्यवाह सलिल रेगे हे तिशीतले, नम्र आणि घाईत असलेले गृहस्थ आहेत. त्यांनी सतरंजीची हकिकत पूर्ण ऐकून घेतली आणि हसून म्हणाले, "अहो, मग सोपं आहे. एक्सेलमध्ये सगळ्यांना प्लस चार मारू. पाच मिनिटांचं काम."

"तसं नाही होत, सर," शालूताई म्हणाल्या. "ज्याचं जसं रुतलं तसं. ह्यांचंच बघा, एका मिनिटात दोनदा उभे राहिले तर सातशे ग्रॅमचा फरक. कुणाचं दोन गेलं असेल, कुणाचं पाच. प्लस चार केलं तर आत्ता जे खोटं आहे ते वेगळं खोटं होईल."

"शालूताई, तुम्ही दारोदार जाऊन सांगणार की आमची दोन वर्षांची वजनं चुकली? मंडळाची इमेज काय राहील?"

इथे माझी चोवीस वर्षे प्रथमच कोणाच्या तरी उपयोगी पडली. मी एक पानी अर्ज टेबलावर ठेवला. चूक मंडळाने स्वतःहून सुधारली तर ती मंडळाची दक्षता ठरते आणि दुसऱ्याने उघड केली तर हलगर्जीपणा, एवढाच त्याचा आशय होता. तो दुसरा कोण असू शकेल, हे मी लिहिले नव्हते. रेग्यांनी अर्ज दोनदा वाचला, माझ्याकडे एकदा पाहिले आणि परवानगी दिली. मात्र अटी घालून. मोजणी कामाच्या वेळेबाहेर करायची. एकतीस मार्चच्या आत सगळे दोनशे शहाऐंशी पूर्ण करायचे. "सगळे म्हणजे सगळे. अर्धवट डेटा कमिटीपुढे नेता येत नाही. झाले, तर करारावर फेरविचार करू."

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी साडेपाच ते आठ त्या काटा घेऊन जिने चढू लागल्या. पहिले दार सुमतीकाकूंचे. सतरंजीचे ऐकून म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आले.

"म्हणजे मीच घोळ केला गं."

"तुम्ही पाहुणचार केलात, काकू. त्यात काय घोळ? उभ्या राहा बघू." त्यांचा बीएमआय चोवीसचा सव्वीस झाला. "आता तुम्हाला रक्त तपासायला यावं लागणार."

"येते. पण तिथे बसायला काही आहे ना? नाहीतर मी आसन घेऊन येते."

"बसायला आणा. उभं राहायला आणू नका."

पहिल्या तीन आठवड्यांत दोनशेचा आकडा पार झाला. लोक कुरकुरले, परंतु उभे राहिले. एका अभियंत्याने काट्याच्या रचनेवर पंधरा मिनिटे व्याख्यान दिले, मग वजन पाहून गप्प झाला. खरी अडचण निघाली बी विंगमधल्या हेमांगी कर्णिकांची.

हेमांगीबाई एका विमा कंपनीत अधिकारी आहेत. पहिल्या शिबिरात त्यांचे वजन अठ्ठ्याहत्तर भरले होते, तेव्हा त्यांनी पहाटे चालणाऱ्या बायकांचा एक गट काढला. वर्षभर चौतीस बायका बाळकुमच्या रस्त्यांवर चालल्या. पुढच्या शिबिरात हेमांगीबाईंचे वजन चौऱ्याहत्तर आले (या वर्षीही तेवढेच) आणि एकजात साऱ्या गटाचे तीन-चार किलो उतरलेले निघाले. संकुलाने त्यांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि अध्यक्षांचे भाषण झाले. त्या भाषणाविरुद्धही मी पत्र दिले होते, ते वेगळे. आता शालूताई काटा घेऊन दारात येणार म्हणजे काय होणार, हे त्यांना काटा न बघता कळले.

"मी पुन्हा वजन करणार नाही," त्या दारातूनच म्हणाल्या. "आणि गटातल्याही कुणी करणार नाही. दोन वर्षं आम्ही पहाटे साडेपाचला उठतोय, आणि तुम्ही सांगणार की सतरंजी चालली, आम्ही नाही?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि पाध्ये, तुम्हाला कुणाचं चांगलं झालेलं बघवत नाही, हे माहीत होतं. वजन कमी झालेलंही बघवत नाही, हे नवीन."

दार बंद झाले. चौतीस नावे आणि हाताशी बारा दिवस. मी शालूताईंना म्हणालो, अशा अडेलपणावर एक कडक पत्र मी अर्ध्या तासात देऊ शकतो. त्या जिन्यातच थांबल्या. "साहेब, पत्रानं कुणी काट्यावर चढतं का? तुम्ही घरी जा."

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला त्या कोलशेतहून येऊन संकुलाच्या फाटकाशी उभ्या राहिल्या. काटा आणला नव्हता. वही आणि टेप एवढेच घेऊन त्या गटाबरोबर चालू लागल्या. त्या वेळी मीही तिथे फिरत होतो, म्हणून पुढचे मी ऐकले. पहिली फेरी हेमांगीबाई बोलल्याच नाहीत. दुसऱ्या फेरीला त्या म्हणाल्या, "तुम्ही काही विकायला आलात का?"

"नाही. तुमचं एक माप राहिलं होतं दाखवायचं." शालूताईंनी चालता चालता वही उघडली. "पहिल्या सालची कंबर अडतीस इंच. गेल्या साली सदतीस. ह्या साली छत्तीस. मी स्वतः घेतलीत. टेप सतरंजीवर ठेवत नाहीत, बाई."

हेमांगीबाई थांबल्या. मागच्या बायकाही थांबल्या.

"वजन तुमचं असेल तिथंच आहे बहुतेक," शालूताई म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? पण कंबर दोन इंच गेली, ती चालूनच गेली. ती काय मी टीप मारून आत घेतली नाही. पहिल्यांदा कमरेचंच जातं. काटा मागनं येतो. आता वजन खरं लिहिलं तर पुढच्या साली जे उतरेल ते खरं उतरेल. आज चौऱ्याहत्तर लिहून ठेवलं, तर तुम्ही चार किलो घाम गाळून पुढच्या साली कागदावर तिथंच उभ्या दिसाल. चालेल?"

"माझीही कंबर आहे का वहीत?" मागून एकीने विचारले.

"सगळ्यांची आहे."

हेमांगीबाईंनी वही हातात घेतली, दिव्याखाली नेली आणि पानभर वाचली. मग त्या म्हणाल्या, "संध्याकाळी सहाला या. माझ्या स्वयंपाकघरात करू. पण हा माणूस नको," म्हणजे मी.

त्या संध्याकाळी एका बैठकीत चौतीस वजने झाली. हेमांगीबाईंचे सत्त्याहत्तर निघाले. मला नंतर असे समजले की त्यांनी ते स्वतः मोठ्याने वाचून दाखवले आणि चहा बिनसाखरेचा केला.

उरलेल्यांत एक भाडेकरू कुटुंब डोंबिवलीला राहायला गेले होते. शालूताई रविवारी तिथे जाऊन तिघांना मोजून आल्या. एकतीस मार्चला दुपारी वहीत दोनशे पंच्याऐंशी नावे पूर्ण होती. राहिले होते भाऊ. सी विंगमधले हे त्र्याहत्तर वर्षांचे गृहस्थ फेब्रुवारीत बाथरूममध्ये घसरले, मांडीचे हाड मोडले आणि कल्याणला मुलीकडे, अंतराकडे, पडून होते. उभे राहता येत नव्हते, तर वजन कसे घेणार? मी म्हणालो, "अटीत ‘सगळे’ हा शब्द आहे. जुन्या आकड्यात तीन मिळवून लिहा. कोणी विचारायला जात नाही." हे मी म्हणालो, याची नोंद मी इथे करतो.

शालूताईंनी त्या रकान्यात लिहिले: ‘पाय मोडला आहे. वजन घेता आले नाही.’

समितीची बैठक चार वाजता कोपरीला होती; शालूताईंबरोबर मीही गेलो. अध्यक्षस्थानी डॉ. उत्तरा देवस्थळी. रेग्यांनी वही पुढे ठेवली आणि स्वतःहून म्हणाले, "मॅडम, एक कमी आहे." ते खोटे बोलले नाहीत, हे त्यांच्या बाजूने लिहिले पाहिजे. डॉक्टरीणबाईंनी तो रकाना पाहिला. मग बाकीची पाने पाहिली. नव्या मोजणीत एकोणपन्नास माणसे पंचवीसच्या पलीकडे गेली होती. त्यांतल्या तीसजणांचे रक्त तोवर तपासून झाले होते आणि अकरा जणांची साखर वाढलेली निघाली होती. त्या अकरांपैकी एकालाही ते माहीत नव्हते. त्यांच्या फ्रिजवर ‘अभिनंदन’ होते.

"सगळ्यांना प्लस चार केलं असतं तर?" त्यांनी विचारले.

"केलं होतं मी, घरच्या संगणकावर," रेगे खाली पाहत म्हणाले. "सतरा जण उगाच आले असते. आणि त्या अकरांतले दोघे सुटले असते. त्यांचं साडेचार-पाच किलो गेलं होतं."

डॉक्टरीणबाईंनी वही मिटली. "हा एक रकाना यांनी रिकामा ठेवलाय म्हणून मी बाकीच्या दोनशे पंच्याऐंशींवर विश्वास ठेवते," त्या म्हणाल्या. "यांचा करार वाढवा. आणि पुढच्या वर्षीपासून कमरेवरूनही माणसं बोलवा. यांची पेन्सिल आपल्या तक्त्यापेक्षा आधी बरोबर होती."

करार वाढला तो अकरा महिन्यांचा. बारावा महिना दिला की माणूस कायमचा होण्याची भीती या संस्थांना का वाटते, यावर माझे एक पत्र तयार आहे. शालूताईंनी कागद पूर्ण वाचला, सही केली आणि त्या जिना उतरल्या. खाली येऊन त्या बाकावर बसल्या, पदराने तोंड पुसले आणि म्हणाल्या, "घरी फोन करते. सकाळपास्नं कुणी जेवलं नसेल."

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी त्या कल्याणला निघाल्या, तेव्हा मी बरोबर गेलो. कोणी सांगितले नव्हते; समितीला तो एक आकडा आता नको होता. भाऊंना डॉक्टरांनी उभे राहायला परवानगी देऊन आठवडा झाला होता, पण ते राहत नव्हते. अंतराने दारातच सांगितले, "वॉकर पकडून उभे राहतात फक्त. हात सोडायला घाबरतात. तुम्ही उगाच आलात, ताई."

शालूताईंनी फरशी पुसून घेतली आणि भिंतीपासून हातभर अंतरावर काटा ठेवला. भाऊ अंतराच्या आधाराने वर चढले. एक हात तिच्या खांद्यावर, एक भिंतीला. आकडा एकावन्नवर डुलत होता.

"अर्धे भाऊ भिंतीवर आहेत," शालूताई म्हणाल्या, "आणि पाव लेकीवर. एवढे बारीक दिसत नाही तुम्ही."

"पडेन मी, बाई."

"मी खाली बसलेय ना? पडलात तर माझ्यावर पडाल. मला काय होत नाही, अठ्ठावन्न किलो आहे मी. अंतरा, तू बाजूला हो."

अंतरा दोन पावले मागे सरली. भाऊंनी आधी खांद्यावरचा हात खाली आणला. मग बराच वेळ काही झाले नाही. शालूताई गुडघ्यांवर बसून आकड्याकडे पाहत होत्या, घाई करत नव्हत्या. भिंतीवरची बोटे एकेक करून सुटली. म्हातारा दोन पायांवर, कोणाला न धरता, उभा राहिला.

"हलू नका," त्या म्हणाल्या. "लिहून घेते."